'भयंकर काहीतरी सुचव' म्हणणाऱ्यांसाठी

"दादा, सगळ्यात भयंकर हॉरर कुठला? कुणी न पाहिलेला. एकदम एक्स्ट्रीम पाहिजे."

हा मेसेज मला महिन्यातून दोन-तीनदा तरी येतोच. पाठवणारी पोरं-पोरी बहुतेक विशी-पंचविशीतली. 'कॉन्ज्युरिंग' बघून झालेला असतो, 'तुंबाड' २०२४ मध्ये पुन्हा थिएटरला लागला तेव्हा तोही बघून झालेला असतो. आता पुढची पायरी हवी असते. एरवी मी इथे पाणीपट्टी, खड्डे आणि निवडणुका यांवर लिहितो, त्यामुळे काही जणांना वाटेल की याला आज झालंय काय. पण हा विषयही सार्वजनिकच आहे. शेवटपर्यंत वाचलंत तर का ते कळेल.

मी नुसतं नाव कधीच पाठवत नाही. नावाबरोबर तीन गोष्टी सांगतो. पडद्यावर दिसतं त्यातलं खरं किती आणि बनवलेलं किती. ते कशासाठी दाखवलंय. आणि कुणी बघू नये. काहींना हे भाषण वाटतं. "नाव सांग ना यार" म्हणतात. पण या जातीच्या सिनेमात नुसतं नाव सांगणं म्हणजे बाटलीवरचं लेबल काढून औषध देण्यासारखं आहे.

सुरुवात 'कॅनिबल होलोकॉस्ट'पासून करतो, कारण विचारणाऱ्यांपैकी निम्म्यांनी हे नाव कुठूनतरी ऐकलेलं असतं. इटलीचा सिनेमा, साल १९८०, दिग्दर्शक रुजेरो देओदातो. ॲमेझॉनच्या जंगलात माहितीपट करायला गेलेली चार जणांची टीम गायब होते आणि मागे त्यांची रिळं तेवढी सापडतात, अशी गोष्ट. आज ज्याला आपण 'फाउंड फूटेज' म्हणतो त्या प्रकाराचा हा आजोबाच म्हणा. मिलानमध्ये प्रदर्शित झाल्यावर दहा दिवसांत कोर्टाच्या आदेशाने सिनेमा जप्त झाला. पुढे संशय असा निघाला की यात माणसं खरोखर मारली आहेत. कलाकारांशी करारच असा होता की वर्षभर कुठे झळकायचं नाही, त्यामुळे संशयाला आणखी जोर आला. शेवटी आपले नट जिवंत आहेत हे देओदातोला दाखवून द्यावं लागलं. खुनाच्या आरोपातून तो सुटला.

पण सिनेमात मारलेले प्राणी खरे होते. कासव, माकड, डुक्कर. कॅमेऱ्यासमोर, सिनेमासाठी मारलेले. आपल्याकडे सिनेमा सुरू होण्याआधी 'चित्रीकरणात कोणत्याही प्राण्याला इजा झालेली नाही' अशी पाटी येते. त्या वेळी आपण खुर्चीचा नंबर शोधत असतो, तिच्याकडे कुणी बघत नाही. ती पाटी या सिनेमाला लावता येत नाही. ब्रिटनच्या सेन्सॉर मंडळाने २०११ मध्ये हा सिनेमा पुन्हा तपासला तेव्हा माणसांवरची सगळी हिंसा तशीच ठेवली आणि एकच कात्री लावली, साधारण पंधरा सेकंदांची. ती होती एका छोट्या प्राण्याला हाल करून मारण्याच्या दृश्याला. मला हा निर्णय फार शहाणपणाचा वाटतो. माणसांचं सगळं सोंग होतं, प्राण्याचा जीव मात्र गेला होता.

मग मी हा सिनेमा सुचवतो का? सुचवतो, पण हे सगळं सांगून. प्राण्यांचे हाल बघवत नाहीत त्यांनी याच्या वाटेला जाऊच नये, त्यात कमीपणा काही नाही. ज्यांना बघायचाय त्यांनी गोष्टीकडे लक्ष द्यावं. त्यातली टीम चांगलं फूटेज मिळावं म्हणून गावकऱ्यांना झोपडीत कोंडून आग लावते आणि मग 'बघा हे रानटी लोक' म्हणून शूटिंग करते. इटलीत तेव्हा 'रेड ब्रिगेड्स'च्या हिंसाचाराच्या बातम्या टीव्ही ज्या पद्धतीने दाखवत होता त्यावरून ही कल्पना सुचली, असं देओदातो सांगायचा. मुलगा गमावलेल्या आईच्या तोंडापुढे माइक धरून "काय वाटतंय?" विचारणारी आपली चॅनेलं रोज बघणाऱ्याला हा सिनेमा पंचेचाळीस वर्षं जुना वाटणार नाही.

आता याच्या उलटी गोष्ट. जपानमध्ये १९८५ साली 'गिनी पिग' नावाची व्हिडिओ मालिका निघाली. तिचा एक भाग, 'फ्लॉवर ऑफ फ्लेश अँड ब्लड', हिदेशी हिनो या भयकथांच्या चित्रकथाकाराने केला. १९९१ मध्ये तो अमेरिकी नट चार्ली शीनच्या हाती लागला. त्याला वाटलं हा खराच खून आहे, आणि प्रकरण एफबीआयपर्यंत गेलं. चौकशीत निघालं की सगळं रबर, रंग आणि मेकअप आहे. ते कसं बनवलं याचा वेगळा व्हिडिओच उपलब्ध होता. माझं मत विचाराल तर मूळ भागात पहिल्या पाच मिनिटांनंतर बघण्यासारखं काही उरत नाही. गोष्ट नाही, माणूस नाही, नुसती कापाकापी. पण तो 'कसं बनवलं'वाला व्हिडिओ मात्र जरूर बघा. एक माणूस तासन्‌तास बसून खोटा हात तयार करतो, त्यात नळ्या घालतो, प्रकाश कुठून पाडायचा ते ठरवतो. हे एकदा नीट बघितलं की पुढे कुठलीही क्लिप समोर आली तरी आधी डोकं विचारतं, कॅमेरा कुठे होता? मध्ये कट कुठे मारला?

हा प्रश्न लक्षात ठेवा. पुढे तो लागणार आहे.

बंदीचंही बोलू, कारण "यावर बंदी आहे" हीच आपल्याकडे सगळ्यात मोठी शिफारस समजली जाते. ब्रिटनमध्ये ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला घरोघरी व्हिडिओ आले, आणि व्हिडिओ कॅसेट तपासणारा कायदाच नव्हता. वर्तमानपत्रांनी बोंब ठोकली, पोलिसांनी दुकानांवर छापे घातले, सरकारी वकिलांच्या कार्यालयाने आक्षेपार्ह सिनेमांची यादी केली. वेळोवेळी मिळून तीत ७२ नावं आली. 'व्हिडिओ नॅस्टी' हा शब्द तेव्हाचा. एका वितरकाला तर तुरुंगवास झाला. १९८४ साली कायदा आला. यादीत टाकाऊ माल भरपूर होता, पण 'ईव्हिल डेड'ही होता, आणि आंद्रे झुलाव्स्कीचा 'पझेशन'ही होता. हा तोच सिनेमा, ज्यासाठी इझाबेल अजानीला १९८१ साली कान महोत्सवात उत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला! एका मोडणाऱ्या लग्नाची, दुभंगलेल्या बर्लिन शहरातली गोष्ट. यादी करणाऱ्यांना त्यात फक्त रक्त दिसलं. आणि पोरांनी काय केलं? ती यादी खिशात घालून एकेक कॅसेट शोधत फिरली. गंमत पुढेच आहे. २००९ साली उघड झालं की तो १९८४ चा कायदा युरोपियन कमिशनला कळवायचा राहूनच गेला होता, म्हणजे पंचवीस वर्षं त्याची अंमलबजावणी कायद्याला धरून नव्हतीच. २०१० मध्ये तोच कायदा पुन्हा मंजूर करून घ्यावा लागला.

'पझेशन' मी डोळे झाकून सुचवतो. फक्त नुकताच घटस्फोट झालेल्या मित्राला नाही.

पुढचं नाव जपून घ्यायचं आहे. 'मेन बिहाइंड द सन', १९८८, हाँगकाँग. विषय खरा: जपानी लष्कराची ७३१ क्रमांकाची तुकडी. मांचुरियात हार्बिन शहराजवळ हिचा तळ होता. प्रमुख शिरो इशी नावाचा लष्करी डॉक्टर. जिवंत कैद्यांवर रोगजंतूंचे, थंडीचे प्रयोग व्हायचे. कैद्यांना 'मारुता' म्हणायचे, म्हणजे लाकडाचे ओंडके. युद्ध संपल्यावर प्रयोगांची माहिती मिळवण्याच्या बदल्यात अमेरिकेने या लोकांवर खटले चालवले नाहीत. थेट २००२ मध्ये टोकियोच्या एका न्यायालयाने जंतुयुद्ध झाल्याचं मान्य केलं, पण नुकसानभरपाई नाकारली. हा इतिहास आपल्या शाळेच्या पुस्तकात मला तरी दिसलेला नाही. मला तो पहिल्यांदा कळला एका 'घाणेरड्या' हॉरर सिनेमामुळे.

पण इथेही लेबल लावायलाच हवं. यातल्या शवविच्छेदनाच्या दृश्यात दिग्दर्शकाने खरा मृतदेह वापरला, आणि उंदीर खरोखर जाळले. मांजराच्या एका दृश्यावरून आजही वाद आहे. ज्यांच्या शरीरांची विटंबना झाली त्यांची गोष्ट सांगताना पुन्हा एक मृत शरीर वापरायचं, हे मला पटत नाही. म्हणून मी हा सिनेमा क्वचित सुचवतो, आणि सुचवला तर सोबत त्या तुकडीचा इतिहासही वाच म्हणून सांगतो.

याच्याहून मला जवळचा वाटतो तो ऑस्ट्रियाचा 'आंग्स्ट', १९८३. गेराल्ड कार्गल या दिग्दर्शकाचा एकमेव कथापट. स्वतःचे पैसे घालून केला आणि कर्जात बुडाला. गोष्ट खऱ्या गुन्ह्यावर बेतलेली. शिक्षा संपत आलेला कैदी नोकरी शोधायला म्हणून बाहेर सोडला जातो आणि तीन जणांचं कुटुंब संपवतो. कॅमेरा सांभाळलाय 'टँगो' या लघुपटासाठी ऑस्कर मिळवणाऱ्या झ्बिग्न्येव रिब्चिन्स्कीने. कॅमेरा खुन्याच्या अंगाला चिकटून फिरतो, तरी एका क्षणालाही तो हिरो वाटत नाही. घामाघूम, गोंधळलेला, दयनीय माणूस दिसतो. शेवटी प्रश्न पडतो तो व्यवस्थेबद्दल: याला बाहेर सोडताना कुणी काय तपासलं होतं?

हा सिनेमा बघताना पुण्याच्या जुन्या माणसांना जोशी-अभ्यंकर प्रकरण आठवल्याशिवाय राहणार नाही. १९७६-७७ मधले ते दहा खून. दिवेलागणीलाच दारं लावून घेणारं, बेल वाजली की दचकणारं पुणं ज्यांनी पाहिलंय ते अजून त्यावर हळू आवाजात बोलतात. त्यावर १९८६ साली नाना पाटेकरचा 'माफीचा साक्षीदार' आला. पुढे अनुराग कश्यपने त्याच प्रकरणावरून सुचलेला 'पाँच' केला, तो सेन्सॉरशी झगडण्यात आणि निर्मात्याच्या अडचणींत अडकून वर्षानुवर्षं थिएटरपर्यंत पोचला नाही. 'आंग्स्ट' आणि 'माफीचा साक्षीदार' लागोपाठ बघा. एकाच प्रकारच्या भीतीकडे दोन देशांनी कसं बघितलं ते कळेल.

आता तो प्रश्न, जो सगळे शेवटी विचारतातच: "आणि 'अ सर्बियन फिल्म'?" नाही. २०१० चा सिनेमा आहे. ब्रिटनमध्ये त्याला ४९ ठिकाणी कात्री लावून ४ मिनिटं ११ सेकंद काढले तेव्हा तो प्रदर्शित झाला. सरकार माणसाला जन्मापासून कसं वापरतं याचं हे रूपक आहे, असं दिग्दर्शकाचं म्हणणं. रूपक समजतं हो. पण त्यात लहान मुलांच्या बाबतीत जे सुचवलंय त्यासाठी मला ते रूपक पुरेसं वाटत नाही. त्यावर बंदी घाला असं मी म्हणणार नाही. पण माझ्या तोंडून शिफारस जाणार नाही. बंदी आणि शिफारस यांच्या मध्ये 'मी नाही सुचवणार' अशी एक मोठी जागा असते, ती आपण वापरतच नाही.

भीती हवी आहे, किळस नको, असं म्हणणारेही पुष्कळ भेटतात. त्यांच्यासाठी माझी यादी:

'नोरोई', जपान, २००५. एका शापाच्या मागे लागलेल्या पत्रकाराचा खोटा माहितीपट. रक्त जवळजवळ नाही. रात्री स्वयंपाकघरात पाणी प्यायला जाताना दिवा लावाल एवढं नक्की.

'लेक मुंगो', ऑस्ट्रेलिया, २००८. सोळा वर्षांची मुलगी बुडून जाते, मागे राहिलेलं कुटुंब तिला शोधत राहतं. घरात नुकतंच कुणी गेलं असेल तर आत्ता नको, वर्षभराने बघा.

'हू कॅन किल अ चाइल्ड?', स्पेन, १९७६. एका बेटावर एकही मोठं माणूस शिल्लक नाही, फक्त हसरी मुलं. सुरुवातीची काही मिनिटं युद्धांत मेलेल्या मुलांची खरी वृत्तचित्रं आहेत, ती जड जातात. पण त्यांच्यामुळेच पुढच्या गोष्टीला अर्थ येतो.

'आमिस', २०१९, असमिया. भास्कर हजारिकाचा. एक विवाहित डॉक्टरीण, एक संशोधक मुलगा, आणि वेगवेगळ्या प्रकारचं मांस खाण्याची आवड. स्पर्शही न झालेलं प्रेम कुठल्या थराला जातं! आपल्या देशात इतका धीट सिनेमा होतो हे बाहेरच्यांना खरं वाटत नाही.

आणि 'लपाछपी' पाहिला नसेल तर तो आधी. उसाच्या फडात मधोमध घर, त्यात एक गरोदर बाई. मुलगी नको म्हणून पोटातच संपवणाऱ्या समाजाची ही भुताटकी समजायला मराठी माणसाला तळटीप लागत नाही.

(लिंक मागू नका. देत नाही.)

आता मूळ मुद्दा. हे सगळं सांगितलं की कुणीतरी काका हमखास म्हणतात, "असलं बघून डोकी फिरतात पोरांची." त्यांच्याबद्दल आदर ठेवून एक आठवण करून देतो. २०१८ साली आपल्या देशात मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवा व्हॉट्सॲपवरून पसरल्या. तेव्हा फिरलेल्या क्लिपांपैकी एक होती मोटरसायकलवरून येऊन रस्त्यावरचं मूल उचलून नेणाऱ्या दोघांची. ती मुळात पाकिस्तानात मुलांच्या सुरक्षिततेसाठी केलेली जाहिरात होती. नटांनी केलेली. शेवटी ते मूल परत आणून ठेवतात आणि संदेशाचा फलक दाखवतात. कुणीतरी तो शेवट कापला आणि क्लिप सोडून दिली. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात, आठवडे बाजाराच्या दिवशी, मुलं पळवणारे समजून जमावाने पाच जणांना ठेचून मारलं. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची भिक्षा मागून पोट भरणारी माणसं होती ती. आणि त्या मारहाणीचेही व्हिडिओ निघाले, आणि तेही फॉरवर्ड झाले.

म्हणजे बघा, बनवलेलं दृश्य खरं समजून अमेरिकेत चौकशी झाली. तिथे कुणीतरी विचारलं, हे खरं आहे का? आपल्याकडे अफवा हातोहात पुढे गेली, विचारलं कुणीच नाही, आणि पाच जीव गेले. त्या जमावात 'गिनी पिग' बघणारा एकही नसेल. ज्यांनी क्लिपा पुढे पाठवल्या ती आपल्या-तुपल्यासारखी, सकाळी सुविचार पाठवणारी माणसं होती.

माझा आक्षेप आहे तो इथे. सिनेमातल्या खोट्या रक्तावर आपण सर्टिफिकेट लावतो, आणि लावायलाच हवं. २०२१ च्या नियमांनी ओटीटीवर वयाचे गट आले, २०२३ च्या दुरुस्तीनंतर थिएटरच्या सिनेमालाही ७, १३ आणि १६ वर्षांचे टप्पे आले. चांगलं झालं. सज्ञान माणसाला आत काय आहे ते सांगायचं आणि ठरवायचं त्याच्यावर सोडायचं, हा रस्ता कात्रीपेक्षा केव्हाही बरा. पण फॅमिली ग्रुपवर येणाऱ्या अपघाताच्या, मारहाणीच्या, आत्महत्येच्या खऱ्या क्लिपेला ना वयाचा गट, ना पाटी. ती दहा वर्षांच्या पोराच्या हातातल्या, आजोबांच्या मोबाइलवर वाजते. त्यात मेलेल्या माणसाला कुणी विचारलेलं नसतं. त्याच्या बायकोपर्यंतही ती क्लिप पोचते.

म्हणून हॉररवेड्या दोस्तांनो, एक काम आपणच सुरू करू. आपल्याला हे जमतं, कारण सोंग कसं वठवतात हे आपल्याला माहीत आहे. नाव सुचवताना आत काय आहे ते सांगा. प्राणी खरा मेलाय का, मृतदेह खरा आहे का, मुलांचा विषय आहे का, ते आधी सांगा. 'नाही झेपणार' म्हणणाऱ्याला भित्रा म्हणू नका. आणि ग्रुपवर खरी क्लिप आली तर पुढे पाठवू नका. पाठवणारा काका असो की मामा, त्याला फोन करून शांतपणे विचारा: हे कुठलं आहे, कधीचं आहे, शेवट कुणी कापलाय?

आणि भयंकर काही बघायचंच असेल तर या रविवारी 'पझेशन' लावा. लेबल वर दिलेलंच आहे.